नामेलेच्या पलीकडचा भाऊ

लेइपाकोआच्या परसातल्या डुकराला सगळं गाव ‘मंत्री’ म्हणायचं. नावं ठेवण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही. हा प्राणी दिवसभर झाडाच्या सावलीत बसून असे, कुणी तोंडाशी आणून दिल्याशिवाय खात नसे, आणि जेवायला जरा उशीर झाला की खाडीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडे. शिवाय त्याच्या खालच्या जबड्यातून निघालेला सुळा वर येऊन, वळून, पुन्हा जबड्याकडे निघाला होता, अगदी आमच्या देशाच्या झेंड्यावर काढलाय तसा. डावा सुळा लहानपणीच मोडला होता. उजवा मात्र शाबूत होता, आणि गावानं सगळी चेष्टा त्या एकाच सुळ्यावर टांगून ठेवली होती.

“काय गं, मंत्रिसाहेबांचं जेवण झालं? की अजून मीटिंग चाललीय?” पाण्याला निघालेल्या बायका कुंपणावरून विचारायच्या.

“झालं झालं. तुझ्या नवऱ्यापेक्षा कमी खातो आणि कमी घोरतो,” लेइपाकोआ उत्तर द्यायची, आणि उकडलेलं कोनफळ खोबऱ्यात कुस्करून, घास करून, मंत्र्याच्या तोंडात घालायची.

हातानं भरवण्यावाचून इलाज नव्हता. या डुकराचे वरचे दात काढलेले होते. वरचे दात असले की खालचा सुळा त्यांवर घासून झिजतो. ते काढले तर तो मोकळा वाढतो आणि वर्षांनुवर्षांनी गोल होतो. पण मग त्या जनावराला नीट चावता येत नाही, आणि मोकळं सोडावं तर माती उकरताना सुळा मोडतो. म्हणजे सहा-सात वर्षं त्याला बांधून, तान्ह्या पोरासारखं भरवावं लागतं. आमच्या बेटावर असली डुकरं पाळणं आजोबांच्या काळातच बंद झालं होतं. त्यामुळे लेइपाकोआच्या नवऱ्यानं, कालतोंगानं, एक दिवस दूरच्या बेटावरून आलेल्या माणसाकडून शिकून पिल्लाचे दात काढले, तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं.

“काय रे कालतोंगा, झेंड्याला एक सुळा कमी पडला की काय?”

कालतोंगा मुळातच कमी बोलणारा, आणि एकदा ठरवलं की देवाच्या बापाचंही न ऐकणारा माणूस होता. डुक्कर कशासाठी, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी वाडीत कोनफळाचे वेल बांधताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. त्याच्या दिवसांच्या जेवणाला दीर म्हणाले, मंत्र्यालाच कापू. लेइपाकोआ डुकरापुढे जाऊन उभी राहिली.

“याला हात लावायचा नाही. याचं दुसरं काहीतरी काम आहे.”

“कसलं काम?”

“ते मला ठाऊक नाही. पण माझ्या विलीच्या बापानं हौस म्हणून याचे दात काढले नाहीत.”

ते काम कोणतं, हे समजायला तिला पुढे बरीच वर्षं लागली.

आता नामेलेचं सांगितलं पाहिजे. नामेले म्हणजे आमच्याकडचं जाड बुंध्याचं, लांब पिसाऱ्यासारख्या पानांचं झाड. त्याचं पान वाटेत खोचलं की ती वाट बंद. खाडीत खोचलं की मासेमारी बंद. भिंत नको, कुलूप नको, पोलीस नको. पान दिसलं की माणूस मागे फिरतो. ज्यानं लावलं त्यानं, किंवा त्याच्या पाठीमागे त्याच्या मुलानंच ते उठवायचं, आणि उठवताना ज्याच्यासाठी लावलं होतं त्याला डुक्कर द्यायचं. पानाची गोष्ट अशी की ते वाळतं, आणि वाळेपर्यंत माणसाचा रागही जरा वाळतो. कालतोंगानं मात्र आपल्या दाराकडे येणाऱ्या वाटेवर पान लावलं नव्हतं, अख्खं झाड लावलं होतं. ते चाळीस वर्षांत डोक्याइतकं वाढलं.

आणि लावलं होतं ते लेइपाकोआच्या सख्ख्या थोरल्या भावासाठी, तारिपोआसाठी.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्यावर तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच अशी दोन सरकारं होती, दोघांच्या शाळा वेगळ्या, आणि एका घरातली पोरंसुद्धा दोन्हींकडे वाटलेली. इंग्रजी शाळेची माणसं म्हणत, झेंडा आजच पाहिजे. फ्रेंच शाळेची म्हणत, थांबा, एवढी घाई कशाला. कालतोंगा पहिल्या बाजूचा पुढारी. तारिपोआ दुसऱ्या बाजूचा. दोघं मेहुणे, एका होडीतून मासे धरणारे, त्या वर्षी एकमेकांकडे बघेनासे झाले. गावातल्या बायकांनी झेंडा शिवला, त्यात लेइपाकोआही होती. सुळ्याचा पिवळा गोल तिनं शिवला होता, आणि तो नीट गोल झाला नाही म्हणून तीनदा उसवला होता. स्वातंत्र्याच्या सकाळी सगळे मैदानावर जमले तर खांबाची दोरी कापलेली.

कालतोंगानं झेंडा दातात धरला, खांबावर चढला आणि वर जाऊन हातानं बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ढोल वाजले, डोळे पुसले. खाली उतरल्यावर त्याचे तळहात सोललेले होते. तो कुणाशी न बोलता घरी गेला आणि त्यानं नामेलेचं रोप लावलं. दोरी कुणी कापली हे कुणी पाहिलं नव्हतं. पण त्यानं ठरवलं होतं.

“तुझा भाऊ या वाटेनं येणार नाही,” तो बायकोला म्हणाला, “आणि ज्या वाटेनं तो येणार नाही, त्या वाटेनं तूही जाणार नाहीस.”

माझ्या मते हा अन्याय होता. दोन पुरुषांच्या हट्टात एका बाईचं माहेर बंद झालं, आणि गावातल्या एकाही शहाण्यानं चकार शब्द काढला नाही. सगळे म्हणाले, पान लागलंय, आपण काय करणार.

पण बायकांना वाट सापडते. नामेले जमिनीवरचं, समुद्र ओसरला की उघड्या पडणाऱ्या खडकांवर कुणाचं पान चालत नाही. म्हणून ओहोटीला लेइपाकोआ टोपली घेऊन शिंपले वेचायला जाई, आणि पलीकडून तारिपोआ भाला घेऊन मासे-बिसे शोधत येई. गुडघाभर पाण्यात दोघं भाऊबहीण उभी राहून बोलत. तो तिला माखली देई, ती त्याला पानात बांधलेला लापलाप देई. म्हणजे किसलेल्या कोनफळाची, नारळाच्या दुधात भाजलेली वडी.

“मीठ कमी पडलंय,” तो दर वेळी म्हणे.

“समुद्रात उभा आहेस ना? बुडवून खा,” ती म्हणे.

भरती आली की दोघं आपापल्या बाजूला परतत. आईचं मरण त्यांनी असंच पाण्यात उभं राहून एकमेकांना सांगितलं, विलीचा जन्मही तसाच. कालतोंगाला हे माहीत नव्हतं असं नाही. तो ओहोटीच्या वेळी मुद्दाम वाडीत जायचा आणि उशिरा यायचा.

मग तारिपोआला साखर झाली. आधी पायाची बोटं काळी पडली, मग डावा पाय गुडघ्यापासून गेला. तो खडकांवर येईनासा झाला. कालतोंगा तोवर वारला होता, पण मेलेल्या माणसाचं पान जिवंत माणसाच्या पानापेक्षा जड असतं. लेइपाकोआच्या परसातून भावाचा खोकला ऐकू यायचा, एवढंच अंतर. ती हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायची. एकदा तिनं निरोप पाठवला, मी येते, जे व्हायचं ते होऊ दे. तारिपोआनं उलट निरोप धाडला: “वेडेपणा करू नकोस. ज्यानं लावलं तो वर गेलाय. ओलांडलंस आणि तुझ्या पोराला काही झालं, तर मी कुणाचे पाय धरू?”

तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. भाऊ जायच्या आत ते पान उठलं पाहिजे, आणि त्यानं एकदा तरी तिच्या घरात बसून जेवलं पाहिजे. बाकी तिला आयुष्याकडून काही नको होतं.

पान उठवू शकत होता एकच माणूस, तिचा मुलगा विली. तो राजधानीत, पोर्ट व्हिलामध्ये, पार्लमेंटच्या फाटकावर पहारेकरी होता. तिनं फोनवर विचारलं तेव्हा तो चिडला.

“आई, बाबांना उठवायचं असतं तर त्यांनी उठवलं असतं. तीस-पस्तीस वर्षं होती त्यांच्याकडे. मी आता येऊन ते उपटू म्हणजे काय, बाप चुकला होता असं गावासमोर सांगू?”

“मामा मरायला टेकलाय रे.”

“मला काय वाईट वाटत नाही? पण बाबांचा शब्द आहे तो.”

बापासारखाच हट्टी निपजला, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

जुलै महिना आला. आमच्या शाळेत गराए नावाचे मास्तर होते, अम्बाए बेटावरचे. त्यांच्या बेटावर ज्वालामुखी फुटला तेव्हा सगळी वस्ती हलवली, त्यात ते इकडे आले आणि राहिले. स्वातंत्र्यदिनाच्या आधी ते सहावीच्या मुलांना होडीनं आणि मग ट्रकनं राजधानीला नेत: पार्लमेंट, समोरचं चीफ मंडळींचं सभाघर, संग्रहालय, सगळं दाखवत. त्या वर्षी मुलांच्या जेवणाला कुणी बाई हवी होती. लेइपाकोआनं लगेच होकार दिला. मुलांना खाऊ घालणं हे निमित्त. तिला विलीला समोर उभं करून विचारायचं होतं.

“बुबू, मंत्र्याला कोण भरवणार?” ट्रकमध्ये पोरांनी तिला विचारलं. बुबू म्हणजे आजी.

“जाऊबाईला सांगितलंय. पण तो तिच्या हातचं खात नाही, नाटकं करतो.”

“मंत्रीच तो,” गराए मास्तर म्हणाले, आणि ट्रक हसला.

पार्लमेंटच्या हिरवळीवर मास्तरांनी मुलांना झेंड्याच्या खांबाभोवती बसवलं. लेइपाकोआ मागे, जेवणाच्या टोपल्यांपाशी. फाटकाजवळ निळ्या गणवेशात विली उभा होता. त्यानं आईकडे बघून नुसती मान हलवली. ड्युटी चालू होती.

“हिरवा रंग कशाचा?” मास्तरांनी विचारलं.

“जमिनीचा!”

“लाल?”

“रक्ताचा!”

“काळा?”

“आपला!”

“सुळा कशाची खूण?”

“भरभराटीची!”

“आणि त्यातली नामेलेची दोन पानं?”

“शांततेची!” मुलं एका सुरात ओरडली. आणि मग एकेक पोर हळूच मागे वळून लेइपाकोआकडे बघायला लागलं. तिच्या वाटेवरचं नामेले त्यांनी जन्मापासून पाहिलं होतं. ती शांतता कसली आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मास्तरांच्याही ते लक्षात आलं आणि ते घोटाळले.

लेइपाकोआचे कान तापले. पण ती खाली बघून बसली नाही.

“मास्तर, मी विचारू का एक?”

“विचारा की, बुबू.”

“हा सुळा मी स्वतः शिवलाय, पहिल्या झेंड्यावर. तेव्हा कागदावर होतं तसं शिवलं. सुळा बाहेर आणि पानं त्याच्या आत, असंच का?”

मास्तरांनी वर झेंड्याकडे पाहिलं. वारा कमी होता, कापड मधूनच उघडत होतं.

“पुस्तकात याचं उत्तर नाही,” ते म्हणाले. “मुलांनो, परीक्षेत पुस्तकातलंच लिहा. पण आमच्या अम्बाएचं सांगतो. आमच्याकडे पान लावायला काही लागत नाही, राग पुरतो. उठवायला डुक्कर लागतं. आणि जेवढा मोठा राग, तेवढा गोल सुळा. म्हणून मी झेंडा बघतो तेव्हा मला तरी असं दिसतं, की पानं आहेत आणि ती उठवणारा सुळा त्यांच्या भोवती आहे. दोन्ही मिळून शांतता. नुसत्या पानाची नाही. ज्यानं काढलं त्याच्या मनात काय होतं, ते देव जाणे.”

“आणि मास्तर,” लेइपाकोआनं विचारलं, “माणूस डुकराचे वरचे दात कधी काढतो?”

“पुढे काहीतरी मोठं फेडायचं आहे, हे मनाशी ठरलं की. गंमत म्हणून कुणी काढत नाही, बुबू. इतकी वर्षं हातानं भरवायचं म्हणजे काय गंमत आहे? सुळा वाढतो तसा माणूस तयार होत जातो, असं आमचे म्हातारे म्हणायचे.”

लेइपाकोआ उठली. टोपल्या तशाच टाकून ती हिरवळीवरून सरळ फाटकाकडे चालत गेली. कालतोंगानं कशासाठी त्या पिल्लाचे दात काढले, गावाची चेष्टा का ऐकून घेतली, ओहोटीच्या वेळी वाडीत का जाऊन बसायचा, हे सगळं एकदम तिच्यापुढे उभं राहिलं होतं. त्याला पान उठवायचं होतं. तोंडानं म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यानं डुक्कर पाळलं. आणि आयुष्य पुरलं नाही. इतकी वर्षं ती त्याच्यावर रागावून, त्याच्याच कबुलीला रोज घास भरवत होती.

“आई, इथं नको,” विली पुटपुटला. “साहेब लोक ये-जा करतायत.”

“साहेब गेले खड्ड्यात. मंत्र्याचे दात कुणी काढले?”

“बाबांनी.”

“कशासाठी?”

“मला काय माहीत? म्हातारपणी झटका आला असेल.”

“तुझा बाप झटका येणारा माणूस होता का रे?” ती म्हणाली, आणि मास्तरांनी सांगितलेलं तिनं जसंच्या तसं त्याला सांगितलं. “वर बघ. रोज याच्याखाली उभा राहतोस ना? ते पान आणि तो सुळा. ते पान आपल्या वाटेवर आहे आणि तो सुळा आपल्या परसात आहे. तुझ्या बापानं दोन्ही गोष्टी स्वतःच्या हातानं केल्यात. पहिली रागानं केली. दुसरी रोज गिळलेल्या शब्दांनी केली. तू पान उठवलंस तर त्याचा शब्द मोडत नाहीस. पुरा करतोस.”

विलीनं वर झेंड्याकडे बघितलं.

“रोज सकाळी दोरी मीच ओढतो, आई,” तो म्हणाला. “आणि रोज बाबा आठवतात. दोरीशिवाय चढलेले.”

“मग ये.”

“तीस तारखेला सुट्टी मिळायची नाही. त्या दिवशी इथं सगळेच असतात. आधीच्या शनिवारी येतो.”

गावात बातमी पोचली आणि एक नवी अडचण उभी राहिली. गावचे चीफ स्वतः परसात आले, मंत्र्याचा जबडा हातात धरून त्यांनी सुळा निरखला, आणि जीभ चुकचुकवली. सुळ्याचं टोक मुळाशी मिळालेलं नव्हतं. मध्ये बोटभर जागा उरली होती.

“अजून एक वर्ष लागेल,” ते म्हणाले. “कोनफळाचा आणखी एक हंगाम. मग गोल पुरा होईल.”

“माझ्या भावाकडे एक हंगाम नाही, चीफ.”

“समजतंय मला. पण चाळीस वर्षांचं झाड आहे, साधं पान नाही. अपुरा सुळा नेलास आणि तारिपोआच्या माणसांनी म्हटलं, ही आमची किंमत नव्हे, तर? एकदा नाकारलं की संपलं. पुन्हा त्या पानासाठी डुक्कर नेता येत नाही. ते मग कायमचं.”

लेइपाकोआ मंत्र्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. थांबलं तर भाऊ हातचा जाणार. नाही थांबलं तर कदाचित भाऊ, पान आणि हे जनावर, तिन्ही जाणार. मंत्री आपला तिच्या तळव्याला नाक लावून घास शोधत होता.

“शनिवारीच,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी गाव वाटेवर जमलं. या बाजूला कालतोंगाचे भाऊबंद, पलीकडे तारिपोआचे. त्याला त्याच्या पुतण्यांनी लाकडी खुर्चीवर बसवून आणलं होतं. लेइपाकोआनं त्याला पाहिलं. खडकावर भाला घेऊन उभा राहणारा तो उंच माणूस खुर्चीत एवढासा झाला होता. मध्ये नामेले उभं होतं.

मंत्र्याला तिनंच आणलं. तो तिच्याशिवाय कुणाबरोबर आला नसता. शेवटचा घास तिनं त्याला भरवला, कानामागे खाजवलं, आणि दोरी मुलाच्या हातात दिली. विलीनं सोटा उचलला. ती तोंड फिरवून उभी राहिली नाही. एका फटक्यात काम झालं, हीच दया. मग मात्र ती ढसाढसा रडली, आणि कुणी तिला हसलं नाही. ज्या बायकांनी कुंपणावरून टिंगल केली होती, त्यांनीच तिला धरलं.

सुळा काढून, धुऊन विलीनं पानावर ठेवला आणि दोन्ही हातांनी नामेलेच्या पलीकडे धरला.

“मामा, माझ्या बापानं लावलेलं पान उठवायला आलोय. हा सुळा त्यानंच वाढायला लावला होता. तो असता तर पुरा गोल आणला असता. आम्ही थांबू शकलो नाही.”

पलीकडच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. एका पुतण्यानं मान वाकडी करून ती जागा बघितली आणि दुसऱ्याला कोपर मारलं. “अपुरा आहे,” कुणीतरी म्हणालंच.

तारिपोआनं हात वर केला तशी कुजबुज थांबली. त्यानं सुळा घेतला, उजेडात फिरवला, गुळगुळीत बाजूवरून अंगठा नेला. मग त्यानं आपलं पहिलं बोट त्या उरलेल्या जागेत घातलं. ते बरोबर बसलं.

“इथंपर्यंत तुझ्या बापाचं,” तो विलीला म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण सगळ्यांना ऐकू आला. “ही बोटभर जागा आमची. त्या दोरीबद्दल आज मी काही बोलत नाही. पण एवढं आमच्याकडून. झाला गोल.”

चीफनी डोक्यावरची टोपी काढली.

“झाड तोडू नका,” तारिपोआ म्हणाला. “त्यानं काय पाप केलंय? पानं तेवढी काढा.”

विलीनं कोयत्यानं एकेक पान उतरवलं. बोडक्या बुंध्याशेजारून पुतण्यांनी खुर्ची उचलून इकडे आणली. दाराशी आल्यावर तारिपोआनं त्यांना थांबवलं, खाली उतरवायला सांगितलं, आणि एका पायानं, चौकटीला धरून, स्वतः आत गेला. चाळीस वर्षांपूर्वी जिथं बसत असे त्याच खांबाला टेकून बसला. कालतोंगाची जागा समोर होती. ती त्यानं रिकामीच राहू दिली.

लापलाप झाला, लोक जेवले, परतले. विली ओट्यावर मामाच्या खुर्चीचा ढिला पाय ठोकत बसला. उन्हं कलली तशी लेइपाकोआनं सवयीनं कोनफळ उकडलं, खोबऱ्यात कुस्करलं, आणि वाडगा घेऊन परसात गेली. तिथं नुसता खुंट होता. ती वाडगा धरून तशीच उभी राहिली. आतून भावाचा खोकला आला. आज तो भिंतीच्या या बाजूनं आला होता.

ती आत गेली. तारिपोआचे हात कापत होते, पानावरचा लापलाप अर्धाअधिक मांडीवर सांडला होता. ती त्याच्याशेजारी बसली, वाडग्यातलं कुस्करलं, घास केला, आणि त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं तोंड उघडलं.

“मीठ कमी पडलंय,” तो म्हणाला.

तिनं दुसरा घास केला.